नाक्यावरचे स्टेशन : कनेरगाव, पैनगंगा आणि स्वातंत्र्योत्तर रेल्वे-इमारतींची गोष्ट

(१) रेल्वे स्थानकाचे सौंदर्य म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभे राहते. १८८८ साली पूर्ण झालेली, २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेली ती वास्तू आहेच तशी. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसे ज्या स्थानकांवर उतरतात, ती अशी नसतात. एकमजली इमारत, सपाट छप्पर, लांब छज्जा, एक तिकीटखिडकी आणि समोर लिंब किंवा पिंपळ, एवढाच त्यांचा थाट. त्यांतली पुष्कळशी स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत उभी राहिली. हा थ्रेड त्या साध्या स्थानकांविषयी आहे, आणि त्यासाठी निवडलेले ठिकाण आहे हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका.

(२) कनेरगाव नाका हे हिंगोली–वाशिम रस्त्यावरचे गाव. जवळून पैनगंगा वाहते. नदीच्या एका अंगाला मराठवाडा, दुसऱ्या अंगाला विदर्भ. अकोला–पूर्णा लोहमार्गावर हिंगोली आणि वाशिम यांच्या दरम्यान कनेरगावचे स्थानक आहे. वेळापत्रकात त्याचे नाव एका ओळीपुरते येते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या नावातील दुसरा शब्द फार बोलका आहे : नाका. नाका म्हणजे अडवण्याची, तपासण्याची, वसुलीची जागा. अशा गावाजवळ स्थानक का झाले आणि नेमके तेव्हाच का झाले, हे समजून घ्यायचे तर काही पावले मागे जावे लागेल.

(३) १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १९०२ साली तो करार कायम भाडेपट्ट्यात बदलला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. वऱ्हाडची दक्षिण सीमा बहुतांशी पैनगंगेने आखलेली होती. परिणामी नदीच्या उत्तरेस इंग्रजी अंमल आणि दक्षिणेस हैदराबाद संस्थान अशी विभागणी झाली. भाषा एक, पिके एक, सोयरिकी दोन्ही काठांवर. पण कचेरी वेगळी, कायदा वेगळा, आणि नाणेसुद्धा वेगळे.

(४) नाणे वेगळे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सहज कळणार नाही. संस्थानात हाली सिक्का चाले. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. ढोबळमानाने सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. टपालाची तिकिटे निराळी, जकात निराळी. संस्थानाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. कापसाची गाडी घेऊन नदी ओलांडणाऱ्या शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला त्यामुळे दुसऱ्या कारभाराच्या हद्दीत शिरण्याचे सगळे सोपस्कार पार पाडावे लागत. नाका हा शब्द गावाच्या नावाला चिकटून राहावा इतका तो अनुभव रोजचा होता.

(५) रेल्वेचीही तीच कथा. निजामाच्या रेल्वेने सिकंदराबाद–मनमाड हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पूर्ण केला. त्यावरील पूर्णा स्थानकापासून एक फाटा १९१२ साली हिंगोलीपर्यंत आला. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जन्टची जुनी छावणी होती, कापसाची पेठ होती. फाटा सुमारे ८० किलोमीटरचा. हिंगोलीला तो जो थांबला, तो चार दशकांहून अधिक काळ तिथेच थांबला. पुढे पैनगंगा होती आणि पलीकडे दुसरे राज्य.

(६) उत्तरेकडे पाहिले तर चित्र असेच अपुरे. अकोला हे मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या ब्रॉडगेज मार्गावरचे स्थानक. तो मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला होता. परंतु अकोल्याहून दक्षिणेस वाशिमकडे जायचे तर रस्ताच. आणखी उत्तरेस खंडव्याला राजपुताना आणि माळव्यातून येणारे मीटरगेजचे जाळे संपत होते. म्हणजे देशात मीटरगेजची दोन मोठी जाळी होती, एक उत्तरेचे आणि एक दक्षिणेचे. आणि खंडवा ते हिंगोली या पट्ट्यात ती एकमेकांपासून तुटलेली होती.

(७) या तुटीचा अर्थ मालवाहतुकीच्या भाषेत असा : दक्षिणेकडे जाणारा माल खंडव्याला मीटरगेजच्या डब्यातून उतरवायचा, ब्रॉडगेजच्या डब्यात भरायचा आणि पुढे कुठेतरी पुन्हा मीटरगेजमध्ये चढवायचा. दर वेळी हमाली, दर वेळी नासधूस, दर वेळी विलंब. दोन रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर की १,६७६ मिलिमीटर, या एका आकड्यावर सगळा व्यापार अडत असे. स्वतंत्र भारताच्या नियोजनकारांना हा दुवा जोडण्याची निकड वाटली, यात नवल नाही.

(८) दरम्यान राजकीय नकाशा झपाट्याने बदलत होता. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधीच्या वर्षभरात वऱ्हाडच्या बाजूने, उमरखेडसारख्या ठिकाणी, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांचे सरहद्द कॅम्प चालत. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी निजामाची रेल्वे नव्या मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ हे दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्या दिवशी पैनगंगेचे दोन्ही काठ एका राज्याचे झाले. साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, त्या राज्यातून महाराष्ट्र झाला.

(९) नेमक्या याच कालखंडात खंडवा–अकोला–हिंगोली हा सुमारे ३०० किलोमीटरचा मीटरगेज दुवा बांधला गेला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वर्षांत काम जोरात होते आणि १९६०च्या आसपास टप्प्याटप्प्याने गाड्या सुरू झाल्या. उत्तरेकडच्या भागात सातपुड्याचा चढ होता. धूळघाटजवळ मार्गाला डोंगरात वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडावे लागले. दक्षिणेकडे पैनगंगा ओलांडून मार्ग हिंगोलीच्या जुन्या फाट्याला मिळाला. सीमेवर नाका असलेल्या गावाला स्थानक मिळाले ते असे.

(१०) म्हणून कनेरगावच्या स्थानकाची जन्मतारीख केवळ रेल्वेच्या नोंदीतली बाब ठरत नाही. हाली सिक्का व्यवहारातून गेला, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, जकातीच्या भिंती पडल्या, भाषावार राज्ये झाली. आणि त्याच दशकात नदीवरून रूळ गेले. पूर्वी जिथे प्रवाशाला अडवून विचारपूस होई, तिथे आता त्याला नव्या पैशांत तिकीट मिळू लागले. या भागातील सामान्य माणसासाठी एकीकरण नावाची घटना प्रत्यक्ष दिसली ती अशा इमारतींच्या रूपाने.

(११) आता इमारतींकडे वळू. निजामकालीन रेल्वेची वास्तुशैली पाहायची असेल तर हैदराबादचे १९१६ सालचे काचीगुडा स्थानक पाहावे. घुमट, कमानी, मनोरे. सत्ता आणि वैभव यांची स्पष्ट घोषणा. त्या काळची छोटी स्थानकेही बहुधा दगडी भिंतींची, उतरत्या कौलारू छपरांची असत. कोरीव सागवानी झालर, जाड भिंती, उंच खिडक्या. आज अशा इमारती पाहून कोणीही पटकन म्हणतो : हा वारसा.

(१२) १९५०च्या दशकातील अभियंत्यापुढचा प्रश्न वेगळा होता. थोड्या वर्षांत शेकडो किलोमीटर मार्ग, त्यावर ठरावीक अंतराने स्थानके, प्रत्येक स्थानकाला कर्मचाऱ्यांची घरे. पोलाद आणि सिमेंट दोन्ही सरकारी नियंत्रणाखाली आणि दुर्मीळ. कोरीव काम करणारा पाथरवट प्रत्येक ठिकाणी आणणे अशक्य. यावर उपाय म्हणून प्रमाण नकाशे वापरले गेले. मुख्य अभियंत्याच्या कचेरीत एक नमुना तयार होई आणि स्थानकाच्या दर्जानुसार तो जागोजागी उभारला जाई. दगड स्थानिक, छप्पर काँक्रीटचे, मोजमाप ठरलेले.

(१३) या पिढीच्या स्थानकांची काही सर्वसाधारण लक्षणे सांगता येतात. छप्पर सपाट. त्यातूनच फलाटाच्या बाजूला आठ-दहा फूट पुढे आलेला छज्जा, अनेकदा बारीक खांबांवर किंवा खांबांविना. खिडक्यांवर आडव्या काँक्रीटच्या पट्ट्या, हवेसाठी सिमेंटच्या जाळ्या. खाली शहाबादी फरशी, क्वचित मोझॅक. बाकाला कडप्पा किंवा सिमेंट. दर्शनी भागात अलंकार नाही. असलाच तर भिंतीच्या कडेने वर गेलेली एखादी उभी पट्टी, जिच्यावर गावाचे नाव. तेवढाच तोरा.

(१४) या साधेपणामागे एक विचारही होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाची दैना हा स्वातंत्र्यपूर्व काळातला मोठा राजकीय विषय होता. गांधीजींनी १९१७ सालीच त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. जुन्या स्थानकांत साहेबांसाठी प्रशस्त प्रतीक्षालय आणि बाकीच्यांसाठी उघडे अंगण असा उघड भेद असे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत रेल्वेसाठी ठेवलेल्या ४०० कोटी रुपयांपैकी १५ कोटी प्रवासी सोयींसाठी राखले गेले. पाणी, सावली, शौचालय, बसायला जागा. रक्कम मोठी नव्हती, परंतु प्राधान्य कोणाला, हे त्यातून कळते.

(१५) छज्जाकडे या नजरेने पाहावे. मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हात गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला कमानीचा उपयोग नाही, सावलीचा आहे. लांब छज्जा ती सावली देतो, आणि ती देताना तिकिटाचा वर्ग विचारत नाही. छोट्या स्थानकांचा मधला मोकळा दालनासारखा भाग, ज्यातून गावाकडून थेट फलाटावर जाता येते, तोही याच वृत्तीचा. ना दार, ना उंबरठा. पुढे १९७४ साली तिसरा वर्ग कागदोपत्री नाहीसा झाला. या इमारतींच्या आराखड्यात तो भेद आधीच पुसट झाला होता.

(१६) इमारतीचा आकार कामातूनही ठरत असे. एकेरी मार्गावरचे स्थानक म्हणजे गाड्यांनी एकमेकींना वाट देण्याची जागा. दोन स्थानकांमधील मार्गावर एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी टोकनची पद्धत होती. स्टेशनमास्तरच्या खोलीतील यंत्रातून एक लोखंडी गोळा निघे. तो चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्यासह ड्रायव्हरच्या हाती दिला जाई. गोळा हाती नसेल तर गाडी पुढे जाऊ शकत नसे. यासाठी मास्तरची खोली फलाटाला लागून, दोन्ही दिशांना नजर जाईल अशी बांधलेली असे.

(१७) शेजारी दिवेखोली. सिग्नलचे दिवे रॉकेलवर चालत, संध्याकाळी पॉइंट्समन ते भरून खांबावर चढवी. बाहेर टांगलेला रुळाचा तुकडा, गाडीची सूचना देणारी घंटा म्हणून. तिकीटखिडकीत पुठ्ठ्याची छोटी तिकिटे, इंग्लंडच्या थॉमस एडमंडसन यांनी १८३०च्या दशकात रूढ केलेली, आणि त्यांवर तारीख उमटवणारे लोखंडी यंत्र. काही स्थानकांवर वाफेच्या इंजिनासाठी पाण्याची टाकी. नवे काँक्रीट आणि एकोणिसाव्या शतकातील यंत्रणा यांचा हा शेजार या पिढीच्या स्थानकांचे खास वैशिष्ट्य होय.

(१८) दुवा जुळल्यावर काय झाले? जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस खंडवा, अकोला, वाशिम, हिंगोली, पूर्णा असा प्रवास करत थेट काचीगुड्याला जाऊ लागली. राजस्थान आणि तेलंगण एका मीटरगेजच्या गाडीने जोडले गेले, आणि त्या मार्गावर कनेरगाव होते. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाली. १ एप्रिल २००३ रोजी नांदेड विभाग अस्तित्वात आला आणि पूर्णा–अकोला मार्ग त्याच्या अखत्यारीत गेला. नकाशाही पुन्हा बदलला : १९९८ साली वाशिम आणि १९९९ साली हिंगोली असे स्वतंत्र जिल्हे झाले. जुनी सीमा आता जिल्ह्यांची सीमा झाली.

(१९) मग गेज बदलले. १९९२ साली रेल्वेने देशभर एकच गेज करण्याचा प्रकल्प हाती घेतला. पूर्णा–अकोला या सुमारे २१० किलोमीटरच्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २००८ साली पूर्ण झाले. प्रवाशांच्या दृष्टीने ही इष्टच गोष्ट. पूर्वी खंडव्याला होणारी अदलाबदल जशी त्रासदायक, तशीच पुढे अकोल्याला होत होती. परंतु साठ सालच्या इमारतींसाठी हा पहिला मोठा धक्का होता, आणि त्याचे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

(२०) कारण आहे फलाटाची उंची. मीटरगेजच्या छोट्या स्थानकांवर फलाट रुळाच्या पातळीला किंवा त्याहून किंचित उंच असे. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळापासून सुमारे ८०० मिलिमीटर वर येतो. फलाट उचलला की जुनी इमारत खड्ड्यात जाते. जोते गाडले जाते, दारे ठेंगणी होतात, पावसाचे पाणी आत येते, आणि छज्जा डोक्याला टेकतो. अशा वेळी दुरुस्तीपेक्षा नवी इमारत स्वस्त पडते. देशभरात कित्येक मीटरगेज स्थानके कोणाच्या दुष्ट हेतूने नाही, तर या दोन-अडीच फुटांच्या हिशेबाने गेली.

(२१) दुसरा धक्का कामाच्या बदलाचा. वाफेचे इंजिन गेले, टाकी निकामी झाली. विजेचे सिग्नल आले, दिवेखोली रिकामी पडली. टोकनचा गोळा गेला, संगणकीय तिकीट आले, मग मोबाइलवरचे. ज्या कामासाठी खोली बांधली ते कामच उरले नाही. रिकामी खोली गळू लागते, गळकी खोली कुलूपबंद होते, आणि कुलूपबंद खोली शेवटी पाडण्याच्या यादीत जाते.

(२२) तिसरी अवस्था याच दुव्याच्या उत्तर टोकाला पाहायला मिळते. अकोला–खंडवा मार्गावरील मीटरगेज गाड्या २०१७च्या सुरुवातीस थांबल्या. अकोटपर्यंत ब्रॉडगेज झाले; पुढचा जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने तिथले रूपांतर वादात अडकले. वन्यजीवांच्या दृष्टीने तो आक्षेप रास्तच होता. पण त्यामुळे वान रोड, धूळघाट यांसारखी जंगलातली स्थानके गाडीविना उरली. एकाच दशकातली, एकाच दुव्यावरची भावंडे; एकीकडे गाडी आहे म्हणून इमारत बदलते, दुसरीकडे गाडीच नाही म्हणून ती झिजते.

(२३) कायदा इथे मदतीला येत नाही. प्राचीन स्मारकांसंबंधीचा केंद्राचा १९५८ सालचा कायदा किमान १०० वर्षे जुन्या वास्तूंचा विचार करतो. गंमत अशी की हा कायदा आणि हा लोहमार्ग साधारण एकाच वयाचे. १९६० साली बांधलेले स्थानक वयाची अट पूर्ण करील ते २०६० साली. तोपर्यंत ते उभे राहील का, याची जबाबदारी कोणाचीच नाही. मध्यशतकातील इमारती या पेचात सापडल्या आहेत : जुन्या म्हणून जपाव्यात इतक्या जुन्या नाहीत, आणि वापरावी म्हणून ठेवावी इतकी नवी कोणतीच नाही.

(२४) वय हीच कसोटी असते असे मात्र नाही. मुंबईतील मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांतील बहुतेक १९३० नंतरच्या आहेत, आणि काँक्रीटच्याच आहेत. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीचे १९६२ सालचे स्थानक संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅमचे १९५७ सालचे मध्यवर्ती स्थानक २००७ नंतर पाडले गेले; परंतु २०१४ साली खुल्या झालेल्या नव्या स्थानकावर जुन्या दर्शनी भागातील अक्षरे आणि घड्याळ पुन्हा बसवण्यात आले. पाडतानाही काय ठेवायचे, याचा विचार करता येतो.

(२५) महाराष्ट्रातही स्थानकांचे पुनरुज्जीवन जोरात सुरू आहे. ६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत योजनेखाली देशातील ५०८ स्थानकांच्या कामांची पायाभरणी झाली. त्यांत महाराष्ट्रातील ४४ होती. पुढे यादी वाढली. कनेरगावच्या दोन्ही बाजूंची मोठी स्थानके, हिंगोली डेक्कन आणि वाशिम, या योजनेत आहेत. २२ मे २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या १०३ स्थानकांत याच परिसरातील मूर्तिजापूर होते. त्याआधी २०१८ साली स्थानक-सुशोभनाच्या राष्ट्रीय स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशाह यांनी ताडोबाच्या वाघांच्या चित्रांसह पहिला क्रमांक मिळवला होता.

(२६) या कामांतून मिळणाऱ्या लिफ्ट, रॅम्प, स्वच्छ शौचालये आणि रुंद पादचारी पूल यांना विरोध करण्याचे कारण नाही. वृद्ध आणि अपंग प्रवाशांना जुन्या स्थानकांनी फार छळले आहे, हेही नोंदवले पाहिजे. प्रश्न आहे तो नव्या दर्शनी भागाचा. अनेक ठिकाणी साध्या इमारतीवर कमानी, कळस किंवा किल्ल्याचे बुरूज यांचा मुखवटा चढवला जातो आणि त्याला वारसा म्हटले जाते. ज्या गावाने किल्ला पाहिला नाही, त्याच्या स्थानकाला बुरूज. आणि १९६०ची जी खरी खूण होती, तो छज्जा आणि ती जाळी, ढिगाऱ्यात.

(२७) साधेपणाला वारसा न मानण्याची ही सवय इतिहासाच्या दृष्टीने घातक आहे. आपण राजांच्या वास्तू जपतो, इंग्रजांच्या जपतो. प्रजासत्ताकाने आपल्या पहिल्या दशकात, तुटपुंज्या सिमेंटातून, सामान्य प्रवाशासाठी जे बांधले ते मात्र कुरूप म्हणून टाकून देतो. पुढच्या पिढीने विचारले की हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड एक झाले ते प्रत्यक्ष जमिनीवर कसे, तर दाखवण्यासाठी पैनगंगेवरचा पूल असेल. स्थानक असेल का, हे सांगता येत नाही.

(२८) सगळ्याच इमारती ठेवा, असा आग्रह धरणे अव्यवहार्य ठरेल. त्या प्रमाण नकाशातून जन्मल्या. त्यांत पुनरावृत्ती आहे. पण म्हणूनच एक वाजवी मार्ग निघतो. एका मार्गावरची दोन-तीन चांगल्या स्थितीतील स्थानके निवडून मूळ रूपात दुरुस्त करावीत. रिकाम्या खोल्यांना वाचनालय, बचतगटाचे दुकान, महिलांसाठी प्रतीक्षालय असे काम द्यावे; वापरातली इमारत टिकते. जी पाडायचीच आहेत, त्यांची पाडण्यापूर्वी मोजणी आणि छायाचित्रे घ्यावीत. आणि नव्या इमारतीत जुना नामफलक, बाक, घंटा यांना जागा द्यावी.

(२९) यांतील मोजणी आणि नोंद या कामासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन, एक टेप आणि वही घेऊन, दोन विद्यार्थी एका दिवसात छोट्या स्थानकाचा आराखडा काढू शकतात. छज्जाची रुंदी, जाळीचा नमुना, फरशीचा प्रकार, नामफलकावरील समुद्रसपाटीपासूनची उंची, कोनशिला असल्यास तिच्यावरचा मजकूर. पिवळ्या फलकाचे छायाचित्र सगळेच काढतात. मागची भिंत कोणी काढत नाही, आणि दुरुस्तीच्या खुणा नेमक्या तिथेच असतात.

(३०) सर्वांत घाई आहे ती माणसांच्या आठवणींची. १९६० साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. नदीवरून पहिली गाडी जाताना पाहिलेले, रुळांच्या कामावर माती वाहिलेले, हाली सिक्का आणि नवा पैसा दोन्ही हाताळलेले लोक हिंगोली–वाशिम पट्ट्यातील गावांत अजून सापडतील. इमारत कदाचित २०६०पर्यंत थांबेल. ते थांबणार नाहीत. ज्यांचे आजोळ या मार्गावर आहे, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत आजोबा-आजींना एवढेच विचारावे : गाडी येण्याआधी तुम्ही पैनगंगा कशी ओलांडत होता, आणि नाक्यावर काय द्यावे लागे?